बांगडीचं माप

"माझंच माप घ्या की," भोईटे बाई म्हणाल्या, आणि मी हसले.

हसले म्हणजे चांगली खळखळून हसले. दारात उभी असलेली बाई साठीच्या आसपासची. केसांचा घट्ट अंबाडा, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. आणि ही बाई मला सांगतेय की संक्रांतीच्या हलव्याच्या बांगड्यांना तिच्या मनगटाचं माप घ्या! म्हटलं, सगळ्या सासवा इथून तिथून सारख्याच. सून आपल्याच मापाची हवी, स्वयंपाकातही आणि बांगड्यांतही.

"अहो बाई, नव्या मुलीच्या हातातून गळून पडतील त्या," मी म्हणाले. "तुम्ही काही काळजी करू नका. हल्लीच्या पोरींची अंगकाठी मला पाठ आहे. एकजात सगळ्या काडीपैलवान."

त्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा उगीचच मागेपुढे करत राहिल्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरं. तुम्हाला समजतं तसं करा," त्या म्हणाल्या. "फक्त संक्रांतीला चारच्या आत हवं. चाळीसेक बायकांना हळदीकुंकवाला बोलावलंय."

चाळीस! पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. साताऱ्यात सदर बझारला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आणि त्या घरात मी हलव्याचे दागिने करायला घेतले होते. नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीचे, लहान बाळांच्या बोरन्हाणाचे. धंद्यातली माझी ती पहिलीच संक्रांत. एरवी मी एका पतसंस्थेत टायपिस्ट होते. तीन महिन्यांची रजा टाकली होती आणि आमच्या ह्यांना शब्द दिला होता, की रथसप्तमीपर्यंत धंद्याने मूळ धरलं नाही तर मुकाट परत टाइपरायटरपुढे जाऊन बसेन.

मूळ काही धरत नव्हतं. ओळखीतल्या दोघींनी बोरन्हाणाचे दागिने नेले होते, तेही माझी भीड पडली म्हणून. अशात एक परकी बाई स्वतःहून पत्ता विचारत येते, बिंदीपासून कमरपट्ट्यापर्यंत सगळं सांगते, जोडीला नवऱ्यामुलाचा हार आणि नारळही सांगते, आणि वर चाळीस बायका बघणार म्हणते! शिवाय भोईटे बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. अर्ध्या साताऱ्याचे कान त्यांनी पिळलेले. त्यांच्या घरात माझे दागिने उठून दिसले की झालंच माझं काम. त्या गेल्यावर मी दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चक्क नाचले.

"काय झालं गं? पाल पडली काय अंगावर?" आत्यांनी विचारलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"पाल कुठली! ऑर्डर! पहिल्या संक्रांतीची, अगदी नखशिखांत!"

"मग नाच की. पर परातीला धक्का लावू नगंस. काटा मोडंल."

सगळा खेळ त्या काट्याचा. शेगडीवर अगदी मंद आच ठेवायची, परातीत तीळ घ्यायचे, साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. दिवसच्या दिवस. घाई केली की दाणे गुळगुळीत होतात, आच वाढली की पिवळे पडतात. माझ्या हातून सात वेळा बिघडला होता. आत्यांच्या हाताखाली मात्र दाण्यांना असा पांढराशुभ्र, टोकदार काटा यायचा की बघत राहावं. त्यांच्या माहेरी, फलटणला, बत्ताशांचा आणि पाडव्याच्या साखरगाठ्यांचा धंदा होता. पाळण्यातून उतरल्या ते थेट परातीपुढे, असं त्या स्वतःच सांगायच्या.

पण हलवा पाखडून डब्यात भरला की आत्या उठायच्या. दोरा, पुठ्ठा, सोनेरी कागद बाहेर निघाला की त्या उंबऱ्यापलीकडे जाऊन बसायच्या, मटार सोलत नाहीतर नुसत्याच माझ्याकडे बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "दोऱ्याला माझा हात नगं. नव्या सवाष्णीच्या अंगावर चढायचं ते." मामंजींना जाऊन चौदा वर्षं झाली होती.

मी एकदाही म्हटलं नाही की आत्या, असं काय, बसा की. खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचंच वाटलं. गिऱ्हाइकाला कळलं तर, ही धास्ती माझ्याही मनात होती. कुणी विचारलं, "अय्या, काय सुरेख काटा आलाय हो, कोण करतं?" की मी बिनदिक्कत सांगायची, "मीच." आत स्वयंपाकघरात आत्यांना ऐकू जायचं. त्या कधी काही बोलल्या नाहीत.

दहा दिवस मी मान मोडेस्तोवर काम केलं. हार, मंगळसूत्र, नथ, कानातली, बाजूबंद, चार बांगड्या, कमरपट्टा. एकेक दाणा दोऱ्यात गाठवायचा. बांगड्या केल्या त्या समोरच्या बिऱ्हाडातल्या कॉलेजकन्येच्या मनगटावर बेतून. कमरपट्टाही तिच्याच कंबरेचा. संक्रांतीच्या दिवशी सकाळी सगळे दागिने साडीच्या खोक्यात कापूस घालून मांडले आणि ह्यांना दाखवले. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये. कौतुक करायचं तर इंजिनाचं करणारा माणूस. तरी म्हणाले, "शालन, च्यायला, हे भारीच झालंय."

खोका मी दुपारी कुणाच्यातरी हातून पाठवू शकले असते. पण मला त्या नवरीचं तोंड बघायचं होतं. साडेअकराला लूना काढली आणि शाहूपुरीत भोईटे बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

दार उघडलं एका उंच, पांढऱ्या केसांच्या गृहस्थाने. अंगात कडक इस्त्रीचा नवाकोरा झब्बा, हातात तिळाच्या वड्यांचं ताट, आणि तोंडात बहुतेक त्यातलीच एक.

"आले का दागिने? या, या, या! अहो, आले बरं का!" आत बघून ते ओरडले. "मी जगदाळे. पोस्टात होतो. माझा हार आणलाय ना? आणि नारळ?"

म्हटलं, सासरेबुवा भलतेच हौशी दिसतात, मुलाचा हार स्वतःचाच समजतात. "सगळं आणलंय काका. नवरी कुठाय? एकदा घालून बघते मापाला."

"ही काय, ही!"

आतल्या खोलीत पलंगावर काळी चंद्रकळा पसरून ठेवली होती. तिच्याजवळ भोईटे बाई उभ्या होत्या. कान लाल झालेले, नजर फरशीवर. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

"सूनबाई?" मी विचारलं. इतकी मी मठ्ठ, वेगळं आडनाव ऐकूनही!

"सूनबाई नाहीत हो," जगदाळे काका म्हणाले. "आमचं लग्न झालं मागच्या वैशाखात, रजिस्टर. ही आमची पहिली संक्रांत. मीच म्हटलं हिला, सगळं रीतसर झालं पाहिजे. लोक काय, एरवीही बोलतातच. निदान फोटो तरी झकास येतील!"

माझंच माप घ्या की, असं ती बाई तोंडाने म्हणाली होती, आणि मी तिच्या तोंडावर हसले होते.

"घालून बघू," बाई हळूच म्हणाल्या.

हार बसला, मंगळसूत्र बसलं, नथ झाली. बांगडी पेरांपाशी अडकली. मी जरा जोर दिला तर तीन दाणे तुटून फरशीवर पडले. बाजूबंदाची टोकं एकमेकांना भेटेनात. कमरपट्टा तर दोन वीत तोकडा. बाईंनी तो कंबरेला धरला, आरशात एकदाच पाहिलं आणि काढून माझ्या हातात दिला. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"बाई, मी..."

"तुमची नाही, माझीच चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी स्पष्ट सांगायला हवं होतं. तोंडच होईना. पहिले यजमान गेल्यापासून एकवीस वर्षं मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही हो. शाळेत बायका एकमेकींना बोलावणं करायच्या आणि मी आले की गप्प व्हायच्या. मी मुख्याध्यापिका, माझ्या हाताखालच्या बायका त्या! यंदा म्हटलं, आपणच बोलावू सगळ्यांना." त्यांनी चंद्रकळा उचलली आणि घडी घालायला घेतली. "पण राहू द्या. त्या बघायलाच येणार आहेत. अर्धेमुर्धे दागिने घालून हसं कशाला करून घ्यायचं? साध्या साडीत करते हळदीकुंकू. तुम्ही जा, सणाचा दिवस आहे, घरी वाट बघत असतील."

जगदाळे काका दारात ताट घेऊन तसेच उभे होते. एवढा खुशीत असलेला माणूस, एकदम म्हातारा दिसायला लागला.

मला काय झालं देव जाणे. मी बाईंच्या हातातून साडीचं टोक ओढूनच घेतलं. "घडी घालायची नाही! सांगून ठेवते. पावणेचारला मी इथं असेन. आणा तो हात."

टेप कुठला बरोबर असायला? तिळगुळाच्या खोक्याची सुतळी सोडली. मनगट, दंड, कंबर मोजून तीन गाठी मारल्या आणि पळाले. पोवई नाक्याच्या चढाला लूनाने मान टाकली, तशी पायंडल मारत, धापा टाकत घरी पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

आत्या गुळाच्या पोळ्या लाटत होत्या.

"चार बांगड्या, दोन बाजूबंद, कमरपट्टा," मी दारातूनच ओरडले. "नवे करायचेत, तीन तासांत! हलवा किती उरलाय?"

"मोठा डबा भरून हाय. पर तीन तासांत? एकली तू? दोन दिस लागले की तुला बांगड्यांनाच."

"एकटी नाही. तुम्ही बसा माझ्याबरोबर."

लाटणं थांबलं. "शालन, येडी झालीस का? आगं, पैला सण त्या पोरीचा. माझा हात नगं."

"पोरगी नाही ती, आत्या!" मी मटकन खाली बसले आणि सगळं सांगितलं. बाईंचं, पोस्टातल्या काकांचं, चाळीस बायकांचं. सांगता सांगता मला रडू फुटलं, कारण मला माझा टाइपरायटर दिसत होता आणि त्याच्याही आधी ती चंद्रकळेची घडी दिसत होती.

आत्या तव्याकडे बघत होत्या. तव्यातली पोळी करपत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं.

"किती वर्सं म्हनालीस?"

"एकवीस."

"मूलबाळ?"

"नाही."

"आन बायका येनार?"

"येणार. बघायला. दागिने बसले नाहीत तर हसायला."

आत्यांनी गॅस बंद केला. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आणि उंबरा ओलांडून माझ्या दोऱ्या-पुठ्ठ्याच्या पसाऱ्यात येऊन बसल्या.

"आन तो दोरा हिकडं," त्या म्हणाल्या. "आन आधी तुझी ती गाठ सोड. दहा दिस बघतीया मी तिथनं. एकेका दान्याला दोन-दोन गाठी! काटा चुरतोय तिथं, दिसत न्हाई व्हय तुला? कवाधरनं जीव नुसता वर-खाली होतोय माझा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? हात लावायचा न्हाई म्हनल्यावर तोंड तरी कशापायी लावू?"

त्यांच्या माहेरची गाठ म्हणजे एकच फास. दाणा मधे धरायचा, अंगठ्याने दोरा वळवायचा, एक हिसडा. दाणा जागच्या जागी पक्का आणि एक काटाही तुटलेला नाही. साखरगाठ्यांना लहानपणी हजारोंनी मारलेली ती गाठ, बोटं विसरली नव्हती. माझा एक दाणा होईतो त्यांचे चार व्हायचे. तोंडाने "हं, म्होरला, म्होरला," असं चाललेलं. गालांवर लाली चढलेली. चौदा वर्षांत मी... छे, मला तर त्या घरात येऊन सहाच वर्षं झाली होती, पण त्या सहा वर्षांत मी आत्यांना इतक्या जोशात कधी पाहिलं नव्हतं.

दीडला हे जेवायला आले. दारातच थबकले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या दोऱ्याकडे.

"ताट वाढून घ्या," मी मान वर न करता म्हटलं. "पोळी तव्यात आहे, करपलेली. उभ्याउभ्याच खा आणि कात्री घ्या. ही सुतळीची गाठ, या मापाचा पुठ्ठा कापा. लांब पट्टी कंबरेची."

"एवढी?"

"एवढीच!"

त्यांनी पोळी चार घासांत संपवली, हात धुतले आणि कात्री घेऊन बसले. मग हळूच म्हणाले, "आई, चष्मा देऊ?"

"कशाला? बोटाला दिसतंय सगळं," आत्या म्हणाल्या.

सव्वातीनला कमरपट्टा झाला. बाजूबंद झाले. चार बांगड्यांचे सर झाले. पण पुठ्ठ्यावर चिकटवून, टोकं जोडून, डिंक वाळायला तास तरी हवा होता. माझा धीर सुटला. "गेलं, आत्या! हातातोंडाशी आलेलं गेलं!"

"गप. बंद करायच्याच न्हाईत बांगड्या. उघड्याच न्यायच्या. मनगटावर ठिवून तिथंच गाठ मारायची. म्हंजे बसंल का न्हाई, ह्यो सवालच न्हाई."

मी गाठ मारून बघितली. दाणा फुटला. दुसऱ्यांदा मारली, दोन फुटले.

"चला," मी उठले. "तुम्हीच चला."

"मी? हळदीकुंकवाला?" आत्या एकदम मागे सरकल्या. "नगं गं बाई."

"हळदीकुंकवाला नाही. कामाला. बाहेरच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकू नका. मागच्या दाराने जाऊ, मागच्या दाराने येऊ."

ह्यांनी लूनाला धक्का मारला. आत्या जन्मात पहिल्यांदा लूनावर बसल्या, एका अंगाने, मांडीवर खोका, पदर दातांत. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्या ओरडायच्या, "आगं हळू! काटा मोडंल!" स्वतःच्या हाडांची फिकीर नाही, काट्याची!

पोचलो तेव्हा पुढच्या दारात चपलांचा ढीग होता. आम्ही वळसा घालून मागे गेलो. जगदाळे काका मागच्या दारात येरझाऱ्या घालत होते. "आलात! अर्ध्या अधिक बायका आल्यात. ही साडी नेसून बसलीय, पण बाहेर यायला तयार नाही."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. चंद्रकळा काय शोभत होती त्यांना! बाहेरच्या खोलीतून हसण्याचे, कुजबुजण्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला त्यांचा खांदा जरासा आक्रसत होता. मी कमरपट्टा बांधला. बसला! बाजूबंद बसले! आता बांगडी. मी सर मनगटावर धरला, दोरा वळवला, आणि दाणा निसटून खाली पडला.

आत्या दाराशी भिंतीला चिकटून उभ्या होत्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

आता जर मी नुसतं "माझ्या सासूबाई" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तेवढ्यावर थांबता येईना.

"माझ्या सासूबाई. बाई, हलवा यांनी केलाय. आधीपासून यांनीच केलाय. मी सगळ्यांना सांगते मी केला म्हणून, ते खोटं आहे. आज हे दागिनेही यांनीच गाठवलेत. ही गाठ मला येत नाही. यांनाच येते."

आत्या एक पाऊल पुढे आल्या. कपाळ मोकळं, मान ताठ. "माझा हात चालत असंल तर बांदते," त्या म्हणाल्या. "न्हाईतर शालन बांदंल, जरा दमानं."

बाईंनी चष्मा काढला. डोळे पुसले. मग दोन्ही हात आत्यांपुढे धरले.

"मागच्या संक्रांतीला हे हातही असेच होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बांधा. तुम्ही नाही बांधल्यात तर मी बाहेरच जात नाही."

आत्यांनी बाईंचा हात स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. दाणा, दोरा, हिसडा. एक बांगडी झाली, दुसरी झाली. आत्यांच्या बोटांना पाकाचे चटके बसून पडलेले जुने डाग, आणि त्यांच्याखाली ते पांढरे दाणे. चौथी बांगडी झाल्यावर त्यांनी बाईंचं मनगट जरा हलवून बघितलं. एकही दाणा पडला नाही. "जावा आता," त्या म्हणाल्या.

बाई बाहेर गेल्या. शेजारी जगदाळे काका, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याचा नारळ. आम्ही दोघी दाराआडून बघत होतो.

चाळीस बायका आणि एक आवाज नाही. सगळ्यांच्या नजरा वरपासून खालपर्यंत फिरल्या आणि त्या कमरपट्ट्यावर थांबल्या.

"अगंबाई!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "बाई, कसल्या दिसताय हो!"

आणि मग जो गलका झाला! बायका उठल्या, बाईंना घेरलं, बांगड्या बघितल्या, काटा बोटाने चाचपून बघितला. "नाव घ्या, नाव घ्या!" सुरू झालं. मुलींना आयुष्यभर गप्प बसवणाऱ्या भोईटे बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. तशी जगदाळे काकाच पुढे झाले, नारळ छातीशी धरून:

"हलव्याच्या दाण्याला काटा आला बारीक,
सरोजिनीचं नाव घेतो, लिहून ठेवा तारीख!"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई लाजल्या, खरंच लाजल्या. मी आत्यांचा हात घट्ट दाबला.

आम्ही निघायच्या बेतात होतो तेवढ्यात बाई आत आल्या. हातात हळदीकुंकवाची कोयरी आणि एक वाण. चहाची गाळणी होती, स्टीलची.

आत्या मागे सरल्या. "कुंकू नगं बाई. मला ते न्हाई व्हायचं."

बाईंनी आग्रह केला नाही. कोयरी ओट्यावर ठेवली. "बरं. पण वाण घ्यायचं. अजून कुणालाच दिलेलं नाही, पहिलं तुमचं."

आत्यांनी नुसताच हात पुढे केला.

"असं नाही. पदरात."

आत्यांनी पदराचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि पसरलं.

परत येताना लूनावर त्या ओरडल्या नाहीत. गाळणी हातात धरून बसल्या होत्या. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या, "जाळी बारीक हाय गं. हलव्याची भुकटी गाळाय बरी पडंल."

टाइपरायटरपुढे मी त्यानंतर एकदाच बसले, राजीनामा टाइप करायला. पण ते पुढचं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच दाराची कडी वाजली. हळदीकुंकवाला आलेल्यांतल्याच एक बाई होत्या, पन्नाशीच्या, जरा कडक चेहऱ्याच्या. नातवाचं बोरन्हाण रथसप्तमीच्या आत करायचं होतं आणि सुनेचीही पहिली संक्रांत राहून गेली होती, तिलाही दागिने हवे होते.

"भोईटे बाईंच्या अंगावरचे बघितले काल," त्या म्हणाल्या. "काय तो काटा! तुम्हीच करता ना सगळं?"

मी सांगायला तोंड उघडलं. पण त्याआधीच आतून पावलं वाजली. गिऱ्हाइकासमोर कधीही न आलेल्या आत्या पाकाचे हात पुसत उंबऱ्याबाहेर आल्या, आणि बाईंच्या समोर उभ्या राहिल्या.

"मी करते," त्या म्हणाल्या.

बाईंनी आत्यांच्या कपाळाकडे पाहिलं, मग हातांकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "सून गावाला गेलीय. तिच्या बांगड्यांचं माप उद्या आणून देते."

"तिचं आणा की उद्या," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी कमरेला खोचलेली सुतळी काढली. कालचीच, तीन गाठींची. "पर आधी तुमचा हात म्होरं करा."